आधी पेशंट कोण ते सांगा

गेल्या वर्षी आमच्या कॉलनीच्या क्रिकेट मॅचसाठी टेनिस बॉल आणायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. मोबाइलवर शोधले आणि मागवून टाकले. फोटोत फार देखणे दिसत होते, अर्धे लाल आणि अर्धे पिवळे. मला वाटलं, साध्या बॉलला एक रंग, भारीतल्याला दोन. साड्यांचं तसंच असतं.

आमची कॉलनी वरसे गावात, रोह्याला लागून. कापणी झाली की शेजारचं शेत म्हणजे आमचं मैदान. पहिला बॉल आमच्या कंपनीतल्या म्हात्रेच्या वाट्याला आला. म्हात्रे धरमतरकडचा, खाडीकाठच्या गावातून शिफ्टला येणारा, मनगटं अशी की पत्रा वाकवील. त्यानं बॅट फिरवली, पचक असा आवाज झाला आणि बॉल बॉलरच्या पायाशी जाऊन बसला. सीमेवरचे लोक सावलीत गेले. म्हात्रेनं बॉल हातात घेऊन मला विचारलं, "दादा, यो बॉल हाय का इडली?"

नंतर कळलं की ते बॉल टेनिस शिकणाऱ्या लहान मुलांचे. मुद्दाम मऊ आणि मंद केलेले, पोरं घाबरू नयेत म्हणून. पाकिटावर एका बाळाचं चित्रही होतं. मी ते शोभेचं समजलो होतो.

घरी आल्यावर बायकोनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "भाऊजींना एक फोन केला असतात तर?"

हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतोय. फ्रीज घेतला तेव्हा ऐकलं, गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेलो तेव्हा ऐकलं, मुलीचं कॉलेज निवडलं तेव्हा ऐकलं. वाक्य तेच, फक्त फ्रीजच्या जागी गुडघा येतो.

भाऊजी म्हणजे सुधाकरराव, माझे साडू. बायकोची थोरली बहीण पेणला दिलेली, रामवाडीत. तिथं सुधाकररावांचं औषधाचं दुकान आहे. माणूस काटकुळा, इस्त्रीचा शर्ट, पायात कायम चपला. दुकानात खोकल्याच्या बाटल्यांच्या वरच्या फळीवर जाळीच्या पिशव्यांतून टेनिस बॉल टांगलेले असतात. ते विकायला नसतात. विकणारी दुकानं पेणच्या बाजारात आहेत. लोक तिथून बॉल विकत घेतात आणि तपासायला सुधाकररावांकडे आणतात. रक्त एकीकडे काढायचं आणि रिपोर्ट दुसरीकडे दाखवायचा, तशातला प्रकार.

"बॉल बघा जरा," असं म्हणत कोणी काउंटरवर पिशवी ठेवली की सुधाकरराव चष्मा पुसतात आणि विचारतात, "आधी पेशंट कोण ते सांगा."

पेशंट म्हणजे खेळणारा. त्याचं वय, अंगकाठी, जमीन कसली, खेळ कुठला, सगळी चौकशी होते. सहा वर्षांचं पोर रॅकेट धरायला शिकत असेल तर त्याला तो लाल-पिवळा, माझा नावडता. वर्षभरानं नारिंगी. मग हिरव्या ठिपक्याचा आणि त्यानंतर मोठ्यांचा पिवळा. "डोस हळूहळू वाढवायचा," ते सांगतात. "पहिल्याच दिवशी मोठ्यांचा बॉल दिलात तर उसळी पोराच्या डोक्यावरून जाते. पोर रॅकेट टाकतं, ते पुन्हा हात लावत नाही." गल्लीत खेळणाऱ्यांना हलका बॉल, कारण काचा शेजाऱ्यांच्या असतात. स्पर्धेतल्या क्रिकेटला जड. खाडीकडच्या टीमला लव दाट असलेला, कारण खाऱ्या कडक जमिनीवर ती लवकर झडते. निवृत्त मंडळींच्या अंडरआर्म क्रिकेटला अर्धं टक्कल पडलेला, पण कधीही न भिजलेला.

मग तपासणी. बॉल अंगठ्यानं दाबायचा, कानाशी न्यायचा, वास घ्यायचा. शेवटी डोक्याइतक्या उंचीवरून सोडायचा. पोटाच्या वर उसळला तर पास. नाही उसळला तर, "हा घरी कुत्र्याला द्या."

बरं, दाबायची ही सवय दुकानापुरती नाही. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी गुलाबजाम उचलला, चिमटीत दाबला आणि वाढप्याला म्हणाले, "ओलावा धरलाय." माझ्या पन्नाशीला आले तेव्हा माझ्या टाळूकडे बघून म्हणाले, "दिलीपराव, लव गेली की बॉल घसरतो हो." सगळे हसले. बायको जरा जास्तच हसली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी सोसलं असतं. पण आमच्या कंपनीत एक मोठे साहेब आहेत, ते संध्याकाळी कोर्टवर खरंखुरं टेनिस खेळतात. डब्यात हवाबंद येतात ते बॉल वापरतात. ते पेणला औषध घ्यायला थांबले आणि सुधाकररावांशी बोलत बसले. सुधाकररावांनी त्यांना सांगितलं, "डबा फोडला की औषधाची बाटली फोडली असं समजा. मॅच असेल तेव्हाच फोडा. सरावाला बिनहवेचे घ्या, ते महिनोन् महिने टिकतात." साहेब खूश. तेव्हापासून ते मला नावानं हाक मारत नाहीत. माझ्याच कंपनीत, माझ्याच डिपार्टमेंटमध्ये ते पाहुण्यांना सांगतात, "हे पेणच्या सुधाकररावांचे साडू."

मग मीही प्रयत्न करून पाहिला. रोह्याच्या बाजारात जाऊन बॉल दाबले, कानाशी नेले. मला काहीच ऐकू आलं नाही. दुकानदार म्हणाला, "घ्यायचा असंल तर दाबा." घेतला. घरी हॉलमध्ये डोक्यावरून सोडून बघत बसलो, तर खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्यासमोर बायको म्हणाली, "आमच्या भाऊजींचं बघून चाललंय."

यंदा कॉलनीनं मला विचारलंच नाही. सेक्रेटरीनं परस्पर पेणला फोन केला. रविवारी सकाळी सुधाकरराव भिसे खिंडीतून स्कूटर हाणत हजर. आमच्या घरी रविवारी पोहे असतात. त्या रविवारी घावणे होते, आणि नारळाचा रस. मी दुसरा घावणा मागितला तर बायको म्हणाली, "थांबा, भाऊजींचं होऊ दे."

मैदानावर त्यांच्याभोवती घोळका. "दव आहे तोवर हा. ऊन चढलं की तो," असं ते समजावत होते आणि एरवी कोणाचं न ऐकणारे आमचे लोक माना डोलावत होते. समोरची टीम म्हात्रेची, खाडीकडची. तेही ऐकत होते. मग सुधाकररावांनी मला किल्ली दिली. "दिलीपराव, डिकीतून दुसरी पिशवी आणता का?" हमाली आपल्याकडे आली म्हणून मी धुसफुसत गेलो.

डिकीत बॉलची पिशवी होती. तिच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले कॅनव्हासचे बूट होते. कागद एका बाजूनं सुटला होता म्हणून दिसले. पांढरेशुभ्र. पांढऱ्या रंगाचे इतके थर चढलेले की चवड्यावर भेगा पडल्या होत्या. मी एक उलटा करून बघितला. तळव्याला मातीचा कण नव्हता.

मी तो पुन्हा कागदात गुंडाळला. पेणला, वडखळला, आमच्या इथं, मी त्यांना किती मॅचना पाहिलं असेल. दर वेळी बॉल द्यायचे, दोरीबाहेर चपलांवर उभे राहायचे, ओव्हर मोजायचे आणि संपलं की दुकानाला जायचे. खेळता का, असं त्यांना कोणी विचारलेलं मला आठवेना. मीही कधी विचारलं नव्हतं.

परत आलो तर आमच्याकडे गोंधळ. आमच्या टीममधल्या सावंतला कंपनीतून फोन आला होता, बदली माणूस आला नाही म्हणून फर्स्ट शिफ्टला बोलावलेलं. खेळणारे दहाच उरले. सेक्रेटरी चहावाल्याकडे बघत होता, टेम्पोवाल्याकडे बघत होता. सुधाकरराव त्याच्या शेजारीच उभे होते. एकदा पास केलेला बॉल ते पुन्हा दाबत होते, अगदी मन लावून.

मी चांगुलपणानं बोललो असं सांगायला मला आवडेल. पण निम्म्याच्या वर मला त्यांची फजिती बघायची होती. बायको बिल्डिंगच्या गच्चीवरून मॅच बघत होती, तेही माझ्या लक्षात होतं.

"अकरावा आहे की आपल्याकडे," मी म्हणालो. "आमचे साडू."

"मी? छे, छे. दुकान उघडायचंय."

"आज रविवार आहे."

"अहो पण माझ्याकडे बूट कुठले..." म्हणता म्हणता ते थांबले. पिशवीबरोबर आणलेला कागदाचा पुडा मी त्यांच्या पायाशी ठेवला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खाली बसून नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मग हळूच विचारलं, "दिलीपराव, मला कुठला बॉल झेपेल?"

"म्हात्रे टाकील तो," मी म्हणालो.

त्यांची पाळी शेवटी आली. आमच्याकडे बॅटिंग करणाऱ्या टीमचाच माणूस अंपायर असतो, आणि गुडघ्यामुळे तो मान कायम माझा. सुधाकररावांनी बॅट काखेत धरली आणि म्हात्रेकडून बॉल मागून घेतला. दाबला, कानाशी नेला, परत दिला. "चालेल."

"डागतर, आता टाकू का औषध?" म्हात्रे म्हणाला.

त्यानं टाकला. मधला स्टंप मागे जाऊन पडला. सुधाकररावांनी बॅट उचललीच नव्हती. ते बॉलकडे बघत राहिले होते. "उसळी बरोबर आली," ते स्वतःशीच म्हणाले.

झालं. ज्याची मी लग्नापासून वाट बघत होतो ते डोळ्यांसमोर झालं होतं, तेही सगळ्या कॉलनीसमोर. खाडीवाले ओरडत होते. सुधाकररावांनी बॅट बगलेत घेतली आणि खाली मान घालून बुटांकडे पाहिलं. बूट अजून पांढरेच होते. ते जायला वळले.

माझा हात आडवा झाला. "नो बॉल."

"कुठं दादा?" म्हात्रे माझ्याकडे धावत आला. "पाय बघ माझा. पाय कुठं हाय बघ."

मी म्हणालो, "बघितला."

म्हात्रेनं माझ्याकडे पाहिलं. मग क्रीजवर परत येऊन उभ्या राहिलेल्या सुधाकररावांकडे पाहिलं. डोकं खाजवत म्हणाला, "व्हय, गेला असंल थोडा."

पुढचा त्यानं कसा टाकला ते मी सांगत नाही. बॉल बॅटच्या कडेला लागून मागे गेला आणि सुधाकरराव धावले. इतक्या वेगानं की समोरच्या टोकाला पोचल्यावर त्यांना थांबता येईना, ते माझ्या अंगावरच आले. ढेकळांची तांबडी माती बुटांवर घोट्यापर्यंत उडाली होती. धाप लागलेली असताना त्यांनी मला विचारलं, "एक झाली ना?"

"झाली," मी म्हणालो.

मॅच आम्ही हरलो. निघताना त्यांनी बूट झटकले नाहीत. मातीसकट कागदात गुंडाळले, डिकीत ठेवले आणि गेले.

मी घरी आलो, हात धुतले, जेवायला बसलो. बायकोनं ताट वाढलं.

"म्हात्रेभाऊंचा पाय मागे होता," ती म्हणाली.

"गच्चीवरून तुला काय दिसणार?"

"गच्चीवरून सगळं दिसतं." तिनं झाकण काढून उरलेला घावणा माझ्या पानात घातला आणि म्हणाली, "तुमच्या जागी भाऊजी असते ना, तर आउट देऊन मोकळे झाले असते."