चेहरेपट्टीवाले सदाशिवपंत

सदाशिवपंतांच्या घरी वांग्याची भाजी झाली, की पहिला घास घेऊन ते विचारत, "यात डिस्टिंक्टिव्ह काय?" काकू, म्हणजे त्यांचं कुटुंब, उत्तरादाखल आणखी एक पळीभर भाजी वाढत. एवढ्यावर तो विषय संपे.

ठाण्यास तळ्याच्या पलीकडच्या आळीत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. कचेरीही एकच. मी जमिनीच्या कामात आणि पंत पोलिसांच्या. तुरुंगातून कोणी पळाला, की त्याची चेहरेपट्टी इंग्रजीत लिहून जागोजागच्या चौक्यांवर धाडायची, हे त्यांचं काम. माणूस ओळखू यावा अशी खूण नेमक्या शब्दांत पकडायची, या एका गोष्टीत त्यांनी आयुष्य घातलं होतं.

इंग्रजी शब्दांत त्यांनी सोवळंओवळं लावून दिलं होतं. मला ओसरीवर बसवून समजावत, "हे बघ. पिक्युलियर म्हणजे ज्याचं त्याचंच. सिंग्युलर म्हणजे गावात जोडीला दुसरं नाही. रिमार्केबल म्हणजे लोकांनी वळून बघावं असं. आणि डिस्टिंक्टिव्ह म्हणजे हजारात उभं केलं तरी वेगळं काढता यावं असं. एकाच्या पाटावर दुसरा बसवायचा नाही!"

एकदा नव्या साहेबानं एका पळालेल्या कैद्याच्या नाकाला आपल्या हातानं 'रिमार्केबल' लिहिलं. पंत कागद घेऊन परत आत गेले.

"साहेब, नाक रिमार्केबल नाही. त्याच्याकडे कोणी वळून बघत नसे. ते पिक्युलियर आहे."

साहेब म्हणाला, नाक वाकडं आहे ना, मग झालं. कागद तसाच गेला. आठवडाभरात कल्याणहून, भिवंडीहून वाकड्या नाकाची माणसं पकडून येऊ लागली. त्यांत एक देवळाचा पुजारी होता. पंत प्रत्येकासमोर उभे राहून, मान तिरकी करून बघत आणि म्हणत, "वाकडं आहे, पण त्याचं नाही. सोडा." साहेबानं पुढं त्यांच्या शब्दाला हात लावला नाही.

आमच्या घरी पहिला मुलगा झाला तेव्हा पंत बारशाला आले. पाळण्यात बराच वेळ वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अजून डिस्टिंक्टिव्ह असं काही नाही." माझी बायको महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. काकूंनी मात्र त्याच दिवशी मागल्या दारानं येऊन बाळाला मांडीवर घेतलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. आळीत सगळे त्यांना काकूच म्हणत. पंत त्यांना कशानंच हाक मारत नसत. भिंतीकडे बघून "पानं घ्यायची का?" म्हणत, आणि पानं घेतली जात.

एका महाशिवरात्रीला आम्ही दोन्ही घरं मिळून आगगाडीनं अंबरनाथास गेलो. दर्शन घेऊन बाहेर पडताना गर्दीचा एक लोंढा आला. आम्ही देवळालगतच्या ओढ्याच्या काठाशी जमलो तेव्हा काकू नव्हत्या.

पंत आधी म्हणाले, "येईल."  बराच वेळ शोधून शेवटी आम्ही जत्रेतल्या पोलिसांच्या राहुटीपाशी गेलो. हवालदार पंतांच्या ओळखीचा निघाला. पंतांना पाहून त्याला हायसं वाटलं.

"पंत, तुम्हीच आलात, बरं झालं! सांगा चेहरेपट्टी. वय?"

"चाळिशीच्या आतबाहेर."

"वर्ण?"

"गव्हाळ."

"बांधा?"

"मध्यम."

"लुगडं कसलं?"

पंतांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. "हिरवं," ती म्हणाली. हवालदारानं जत्रेकडे नजर टाकली. अर्धी जत्रा हिरव्या लुगड्यात होती.

"काही खूण?"

पंतांनी कपाळावरचा घाम पुसला.  "साधी आहे हो," ते म्हणाले. "पहिला भात वाढला, की मी घास घेईपर्यंत हात थांबवते."

"पंत, इथं भात कोण वाढतंय? दिसण्यातलं सांगा."

"दिसण्यातलं..." पंत हळू आवाजात म्हणाले, "कधी नीट बघितलंच नाही मी."

हवालदार ओशाळला. "असू द्या. नाव सांगा. शिपायाकडून पुकारून घेतो."

पंतांचा चेहरा लाल झाला. मी बायकोकडे पाहिलं. तिलाही नाव ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं शेजारी राहून आम्हा कोणालाच ते ठाऊक नव्हतं.

"शिपाई नको," पंत म्हणाले. पागोटं सारखं केलं, बाजूच्या एका मोठ्या दगडावर चढले आणि भर जत्रेत ओरडले, "जानकी!"

चारदोन जानक्यांनी वळून पाहिलं. लोक हसले. पंत ओरडतच राहिले. दगडावरून उतरले, गर्दीत शिरले, ओढ्याकाठानं हाका मारत निघाले. आवाज चिरकू लागला. मी मागोमाग होतो. मला त्यांच्याकडे बघवेना.

काकू बेलफुलं विकणाऱ्या बाईपाशी झाडाखाली बसल्या होत्या, राहुटीपासून फार लांबही नाही. पंत समोर येऊन उभे राहिले आणि बघतच राहिले.

"हाका ऐकू आल्या नाहीत?" मी विचारलं.

"आल्या की," काकू म्हणाल्या. "आवाजही यांच्यासारखा वाटला. पण म्हटलं, कुणी दुसरीच असेल. माझं नाव कोण घेतंय!"

पंतांना काही बोलायचं होतं, पण घशातून नुसती खरखर आली. काकू उठल्या, जवळचा तांब्या त्यांच्या हाती दिला आणि म्हणाल्या, "आधी पाणी प्या. मग चला."