पाचवं उत्तर

आमच्या दिग्रसच्या कापूस खरेदी केंद्रातले हेडक्लार्क वानखडे काका रागावले की आदराने बोलतात. एरवी व्यापाऱ्यापासून बैलापर्यंत सगळ्यांना 'काबे'. पण कुणाला 'आपन' सुरू झालं की त्याची धडगत नाही. त्या दिवशी ते कॉम्प्युटरला म्हणत होते, "आपन उघडता, का मी येऊ आत?"

झालं होतं असं. मुख्य कार्यालयाने कर्मचाऱ्यांची मतं मागवणारी ऑनलाइन प्रश्नावली पाठवली होती. कापसाचे दिवस वाईट. गाड्या येईनाशा झाल्या होत्या, आणि आमचं केंद्र बंद करून यवतमाळच्या केंद्रात मिळवायचं चाललं होतं. आमची मतं पाहून निर्णय होणार होता. पण पाचापेक्षा कमी उत्तरं आली तर त्या केंद्राचं मत धरणार नाहीत. रोजंदारीवरचा चौकीदार शेषराव धरून आम्ही बरोबर पाच.

चौघांचं झालं. शेषरावाची जन्मतारीख टाकली की पडद्यावर यायचं, 'आपण उत्तरं दिलेली आहेत.'

"म्या त अजून हातबी नाई लावला," शेषराव घाबरून म्हणाला.

"काका, नाही होत. राहू द्या," मी म्हटलं.

"होत नाई म्हंजे? कोनाच्यानं?" हे काकांचं ठेवणीतलं वाक्य. याच वाक्यावर त्यांनी बिघडलेला वजनकाटा चालवला होता आणि माझं लग्नही जमवलं होतं.

त्यांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, चष्मा पुसावा तसा माउस रुमालाने पुसला, वायर काढून फुंकर मारली. मग एकदम थांबले.

"शेष्या, तुही जन्मतारीख कोनं लिवली?"

"तुमची लिवली त्याच गुरुजीनं."

दोघं महागावकडच्या एकाच गावचे, एकाच वर्गातले. गुरुजींनी अख्ख्या वर्गाला एक जून देऊन टाकली होती. आमच्याकडे अर्धा तालुका त्याच दिवशी जन्मलेला आहे. यंत्राने या दोघांना एकच माणूस ठरवलं होतं.

काकांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, एकाची तारीख या यादीपुरती बदलावी लागेल.

"माही बदला. एकतीस मे टाका." फोन ठेवून ते शेषरावाला म्हणाले, "आता मी तुह्यापेक्षा एका दिवसानं मोठा. ऐकत जाय."

काकांनी आपली उत्तरं नव्याने भरली. मग शेषरावाचं पान उघडलं. मत गुप्त असतं म्हणून काका बाहेर खिडकीशी जाऊन उभे राहिले. शेषरावाला पडद्यावरचं बारीक अक्षर दिसेना, म्हणून मी प्रश्न वाचू लागलो. 'केंद्र यवतमाळला हलवावं असं वाटतं का?'

शेषरावाने खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो लिवा."

"अरे, तिकडे रोजंदारीवाल्यांना नेणार नाहीत. तुझी नोकरी जाईल."

"जाऊ द्या. यवतमाळले काकू आजारी हाय. काका शनिवारी जाते, सोमवारी येते. केंद्र तिकडं गेलं त मानूस घरी राहीन. माह्यासाठीच भांडून राह्यले थे."

सकाळपासून मी काकांना हसत होतो, त्याची लाज वाटली.

खिडकीतून आवाज आला, "शेषरावजी, आपन 'नाही' सांगा."

शेषरावाने मान खाली घातली आणि 'नाही' सांगितलं. मी बटण दाबलं. पाचवं उत्तर पोचलं.

बाहेर काका फोनवर बोलत होते. "नाई वो, बदलीचं एवढ्यात काई दिसत नाई. होईन कधीतरी." मग जरा थांबून म्हणाले, "तू जेवली काय?"