ई-टाइपमधले डॉक्टर

डॉ. शशी देवधर कार्डिफमध्ये मणक्याचे सर्जन होते आणि साठी गाठण्याआधी त्यांना एक जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यायची होती. जॅग्वार ई-टाइप की पोर्शे ९११, एवढ्यावर घोडं अडलं होतं. शेवटी २००६च्या मे महिन्यात, एका शनिवारी, त्यांनी दोन्ही गाड्या बघायचं ठरवलं. सुनीतीबाई बरोबर आल्या, त्या केवळ नवऱ्याने भावनेच्या भरात चेक फाडू नये म्हणून.

कार्डिफजवळच्या पेनार्थला मिस्टर प्रॉसर यांच्या दारात हिरवी ई-टाइप उभी होती. इतकी देखणी, की डॉक्टरांनी आधी बूट पुसले. मग ते आत बसले. बसले म्हणजे जवळजवळ आडवेच झाले. स्टिअरिंग कुरवाळून उठायला गेले, आणि कमरेतून अशी कळ निघाली की ते होते तसेच थिजले.

"सुनीती," ते हळूच म्हणाले, "कंबर धरली."

"मग सोडवा ना! लोकांच्या सोडवता की."

"अगं, खरंच हलता येत नाहीये."

प्रॉसर घाबरले. "ॲम्ब्युलन्स बोलावू?"

"नको!" डॉक्टर ओरडले. ॲम्ब्युलन्स त्यांच्याच हॉस्पिटलात जाणार. 'गुडघ्यात वाका, कमरेत नको' असं ज्यांना रोज बजावायचं, त्याच ज्युनिअर्सनी साहेबांना स्ट्रेचरवर घ्यायचं? त्यापेक्षा इथेच राहू.

सुनीतीबाईंनी पोर्शेवाल्या मिसेस पार्फिटना फोन करून येणं जमत नसल्याचं कळवलं. "मग मीच येते," म्हणत त्या केशरी पोर्शे घेऊन हजर झाल्या आणि सगळा प्रकार ऐकून त्यांनी किल्ली सुनीतीबाईंच्या हातात ठेवली. "केमिस्टकडून पेनकिलर आणा. तेवढीच टेस्ट ड्राइव्ह!"

सुनीतीबाई गेल्या. इकडे अडकलेल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर दोन्ही मालकांची जुंपली.

"माझ्या गाडीतून निदान माणूस बाहेर तरी पडतो," पार्फिटबाई म्हणाल्या.

"माझ्या गाडीतून कुणाला उतरावंसंच वाटत नाही," प्रॉसर म्हणाले. "माझी ग्लेनिस लग्नाच्या दिवशी हिच्यातून उतरायला तयार नव्हती. आता ती नाही, हीच आहे."

पार्फिटबाईंचा आवाज उतरला. "माझ्या नवऱ्याने शेवटच्या आजारपणात मला ही चालवायला शिकवली. म्हणाला, बसमध्ये तू शोभत नाहीस."

मग प्रॉसर खाली वाकले. "डॉक्टर, आय ॲम सॉरी. गाडी विकायची नाही."

"माझीही नाही," पार्फिटबाई डोळे पुसत म्हणाल्या.

डॉक्टरांना रागही येईना. त्यांनी नुसती मान डोलावली. तेवढीच हलत होती.

बऱ्याच वेळाने सुनीतीबाई परतल्या. केस विस्कटलेले, गाल लाल.

"केमिस्ट कोपऱ्यावरच आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे ना. तीनदा दिसला."

गोळ्या लागू पडल्यावर तिघांनी मिळून डॉक्टरांना बाहेर काढलं. प्रॉसर आणि पार्फिटबाई चहाला आत गेले. देवधर मंडळी आपल्या जुन्या गाडीतून निघाली. डॉक्टर मागच्या सीटवर आडवे.

"झालं ते बरंच झालं," ते बायकोला बरं वाटावं म्हणून म्हणाले. "माझं खूळ गेलं."

सुनीतीबाई सिग्नलला थांबल्या. दिवा हिरवा झाला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"अहो, अशी पोर्शे आणखी कुणी विकत असेल का?"

"अगं, पण मला आता कुठली—"

"तुम्हाला कोण देतंय?" त्या म्हणाल्या, आणि गिअर टाकला.