राजाजीनगरचा समुद्र

समुद्राकाठी राहायला मिळणे हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग आहे. पण समुद्रालाच आपल्या घरी राहायला आणायचे म्हटले, की तो नियोजनाचा विषय होतो. बंगलोर शहर समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटर लांब आणि तीन हजार फूट उंच आहे. इतक्या गैरसोयीच्या जागी समुद्र बांधायला घेणे हे खाजगी माणसाचे काम नाही. त्यासाठी सरकारी कारखान्यात मुरलेला इंजिनियरच हवा.

तसा एक आमच्याकडे होता. वासुदेवराव खांबेटे. आम्ही दोघे एकाच कारखान्यात. (कारखान्याचे नाव सांगत नाही. तिथे काय तयार होते तेही सांगत नाही. ते आम्हालाही निवृत्तीच्या सुमारास कळते.) १९९४ साली वासुदेवराव एलटीसी घेऊन सहकुटुंब लक्षद्वीपला गेले. सरकारी खर्चाने प्रवास करणारा माणूस नेहमी लांबच जातो, कारण जवळ गेले तर हक्क वाया जातो. तिथे काचेच्या तळाच्या होडीतून त्यांनी प्रवाळ पाहिले, त्यातून फिरणारे निळे-पिवळे मासे पाहिले, आणि परत आल्यावर कँटीनमध्ये जाहीर केले, की राजाजीनगरला आपले जे घर उभे राहायचे आहे त्याच्या हॉलमध्ये प्रवाळांचा समुद्र असेल. त्यांच्या डोळ्यांत असे काही तेज होते की कोणी इडली संपवली नाही.

आता त्या हॉलविषयी. नयनावहिनी, म्हणजे वासुदेवरावांच्या पत्नी, गाणे शिकवत. कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये, एका खोलीत, चार मुली पलंगावर आणि तीन खाली. तंबोरा उभा धरला तर कपाटाचे दार उघडत नसे. वर राहणारे गृहस्थ रात्रपाळीचे होते. त्यांनी वरून काठी आपटली की यमन असेल तिथे थांबे. घर बांधू तेव्हा हॉल तुझ्या क्लासला, असा शब्द वासुदेवरावांनी लग्नानंतर लवकरच दिला होता, आणि त्या भरवशावर वहिनींनी वीस वर्षे खालच्या आवाजात संगीत शिकवले. तार सप्तक नावाचे काही असते हे त्यांच्या विद्यार्थिनींना माहीत होते, पण ऐकीव.

सामान्य माणूस दुकानात जाऊन तीन-चार फुटांची काचेची टाकी घेऊन येतो. पण समितीशिवाय वस्तू घरात आणली आणि ती चांगली निघाली, तर श्रेय कोणाला द्यायचे हा प्रश्न उरतो. म्हणून समिती नेमली गेली. अध्यक्ष वासुदेवराव; बांधकामाकडे पद्मनाभ, जे मूळचे म्हैसूरचे आणि आमच्यात राहून मराठी शिकलेले; तपासणीकडे नागपूरचे नंदकिशोर; सचिव मी, कारण माझे अक्षर बरे आहे. नयनावहिनींना अतांत्रिक सदस्य म्हणून घेतले. त्यांच्याकडे चहा होता.

पद्मनाभांनी पहिल्याच बैठकीत एक गोष्ट ध्यानात आणून दिली. पोवळे बोटात घातले तर मंगळ शांत होतो. इथे तर हॉलभर पोवळी असणार. असे घर असल्यावर मंगळाची काय बिशाद आहे? ही बाब तांत्रिक लाभांमध्ये नोंदवली गेली.

मूळ मागणी चार फुटांच्या टाकीची होती. इथे आमच्या कारखान्याची एक रीत सांगितली पाहिजे. नकाशा ज्याच्या ज्याच्या हातून जातो, तो त्यात आपल्या अंगची थोडी सुरक्षितता मिसळतो, साधारण चौथाई, आणि ती कोणाला सांगत नाही. सांगितली तर पुढचा माणूस तेवढी काढून टाकील. पुढच्याला मागच्याने काही मिसळले असेल याचा संशय येत नाही, कारण तसा संशय घेणे असभ्यपणाचे आहे. आमची सगळी यंत्रे अशीच बनतात, आणि आजवर त्यांतले एकही मोडलेले नाही. (हललेलेही नाही.) वासुदेवरावांच्या टाकीचा नकाशा आम्हा सर्वांच्या हातून काही वेळा फिरला. शेवटी तो परत आला तेव्हा टाकी बावीस फूट लांब, अकरा फूट रुंद आणि सात फूट उंच झाली होती. हॉल होता चोवीस बाय तेरा. भोवती चारी बाजूंनी एक फूट मोकळी जागा उरत होती, आणि आडवे चालले तर ती पुरेशी होती.

एवढी टाकी दारातून आत नेता येणार नाही हे नंदकिशोर यांच्या लक्षात आले. तेव्हा आधी टाकी उभी करून मग तिच्याभोवती घर बांधायचे ठरले. भरल्यावर तिचे वजन पन्नास टनांच्या घरात जाणार, म्हणून पाया असा घातला की त्यावर रेल्वेचे इंजिन ठेवता आले असते. पाणी फिरवायला पंप. पंप बंद पडला तर दुसरा. दुसऱ्यावर लक्ष ठेवायला तिसरा. पंपांची खोली स्वयंपाकघरातून काढली. बंगलोरची वीज जाते, म्हणून जनरेटर. जनरेटरच्या आवाजाने मासे घाबरतील, म्हणून जाड भिंत. त्या भिंतीत झोपण्याच्या खोलीची खिडकी गेली. माशांची झोप मात्र सुरक्षित झाली, आणि मासे अजून यायचे होते.

गायनाचा क्लास दर बैठकीत ‘इतर विषय’ या मथळ्याखाली येई. बैठक वेळेअभावी संपे. वहिनी कपबशा उचलून नेत. एकदा त्यांनी विचारले, मुली बसायच्या कुठे? वासुदेवरावांनी फार प्रेमाने सांगितले, की भोवतालच्या एक फुटात त्या एकामागे एक उभ्या राहू शकतात, आणि समोर मासे असल्यावर सूर आपोआप लागेल. वहिनी कपबशा घेऊन आत गेल्या. मला त्यांचे वाईट वाटले, आणि तसे मी इतिवृत्तात लिहिणार होतो. पण वाईट वाटणे हा ठराव होत नाही.

१९९६ च्या अखेरीस घर पूर्ण झाले आणि खांबेटे कुटुंब टाकीच्या कडेने राहायला आले. पण पाणी लगेच भरता येत नव्हते. कोणतेही पात्र वापरण्यापूर्वी काही महिने रिकाम्या अवस्थेत निरीक्षणाखाली ठेवावे, असा आमच्याकडे नियम आहे. रिकाम्या पात्रात काय निरीक्षण करायचे हे नियमात नाही, त्यामुळे निरीक्षण काळजीपूर्वक करावे लागते. दर शनिवारी आम्ही जमत असू आणि टाकीकडे पाहत असू.

अशाच एका शनिवारी टाकी रिकामी नव्हती. काच पुसायच्या शिडीने वहिनी आत उतरल्या होत्या. आत सतरंजी, पेटी, उभा तंबोरा आणि सगळ्या मुली. वरून उघडी असल्यामुळे टाकीतला आवाज छताला लागून गोल होऊन खाली येत होता, आणि त्या मुली आयुष्यात पहिल्यांदा तार सप्तकात होत्या. खरे सांगतो, अंगावर काटा आला. नंदकिशोर यांनी नियम काढून पाहिला. टाकीत पाणी नसावे, एवढेच त्यात होते. गाणाऱ्यांबद्दल काही नव्हते. शिवाय गळती आढळली नाही. निरीक्षण समाधानकारक ठरले.

क्लास वाढत गेला. आसपासच्या कानडी मुलीही शिडी चढून येऊ लागल्या. वहिनी चालताना आता मान वर करून चालत. वासुदेवराव मात्र कॅलेंडरकडे पाहत होते. निरीक्षणाची मुदत संपली त्या रविवारी सकाळी मंगळूरहून खऱ्या समुद्राच्या पाण्याचा पहिला टँकर दाराशी येऊन उभा राहिला. मागे आणखी चार येणार होते.

आत भूप चालला होता. आम्ही चौघे त्या एक फुटात आडवे उभे राहिलो. पद्मनाभांनी काचेवर टकटक केले आणि वर तोंड करून म्हणाले, “अक्का, स्वल्प बाहेर या. टँकर आलाय.”

वहिनींनी मुलींना पलटे चालू ठेवायला सांगितले, शिडीच्या दोन पायऱ्या चढून त्या काचेवरून डोकावल्या आणि नवऱ्याकडे पाहून शांतपणे म्हणाल्या, “अहो, हॉल माझा, असं तुम्हीच म्हणाला होतात. हा हॉल आहे, आणि मी त्यात आहे. पाणी सोडायचं तर सोडा.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच आम्ही घाबरलो. वासुदेवरावांनी तीन वर्षे त्या निळ्या-पिवळ्या माशांवाचून दुसरे स्वप्न पाहिले नव्हते. ते काचेला हात लावून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्या टाकीजवळ आलेले ते पहिले खारे पाणी.

झडप उघडण्यापूर्वी टाकी रिकामी असल्याची सही तपासणी अधिकाऱ्याने करायची असते. सर्वांनी नंदकिशोर यांच्याकडे पाहिले. त्यांनी काचेला नाक लावून आत पाहिले, पेन उघडले, पुन्हा पाहिले आणि पेन बंद केले.

“साहेब, टाकी रिकामी आहे म्हणून मी सही कशी करू? आत एकोणीस पोरी गाऊन राहिल्या.”

त्यांची सही नाही म्हणून पद्मनाभांची नाही, त्यांची नाही म्हणून माझी नाही, आणि आमची नाही म्हणून वासुदेवरावांना स्वतःच्या हॉलमध्ये पाणी सोडता येईना. आमच्या नियमांचा कोणाला उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यामुळे आम्ही जरा गोंधळलो.

बाहेर वेगळीच घटना घडत होती. नळाला दोन दिवस पाणी नव्हते, आणि गल्लीत टँकर दिसल्यावर बायकांना कागदपत्रे लागत नाहीत. घागरी, बादल्या, कुकर, सगळे रांगेत लागले. ड्रायव्हरला परत जायची घाई होती. त्याने नळी सोडली. हे समुद्राचे पाणी आहे असे पद्मनाभ कानडीत ओरडत पळाले, तेव्हा समोरच्या अक्का “सरी, सरी”, म्हणजे बरं बरं, म्हणत दुसरी घागर भरत होत्या. त्या दुपारी त्या गल्लीतल्या कोणत्याही सारात मीठ घालावे लागले नाही. तक्रार एकच आली: दुसऱ्या दिवशी टँकर का आला नाही?

समितीने अखेरचा अहवाल सादर केला. प्रकल्पाचा हेतू ‘काचेआड सजीव ठेवून पाहणाऱ्यास आनंद देणे’ असा होता, आणि तो साध्य झाला आहे. सजीवांची संख्या वाढती, मृत्यू शून्य (घरगुती समुद्रांत हे प्रमाण अपूर्व मानले जाते), आहार रविवारी उप्पीट, रंग फ्रॉकप्रमाणे बदलते. मंगळाकडूनही काही त्रास नाही. वासुदेवराव हल्ली रविवारी त्या एक फुटात स्टूल घेऊन बसतात आणि काचेतून तासन्‌तास पाहतात. कस्तुरी नावाची एक लहान मुलगी निळा फ्रॉक घालून ताना घेताना डोके हलवते, ती हुबेहूब लक्षद्वीपची वाटते, असे त्यांनी मला हळूच सांगितले. वहिनींना अजून सांगितलेले नाही.

वाचक हसत असतील. इंजिनियरांना हसायला कोणाची हरकत नाही. आपण हे बहुधा हॉलमध्ये, पंख्याखालच्या खुर्चीत बसून वाचत असाल, आणि आतून कपबशांचा आवाज येत असेल. हे घर घेताना आपणही आत असलेल्या त्या माणसाला काहीतरी कबूल केले होते: एखादी खोली, एखादा कोपरा, निदान एक खिडकी. तिथे सध्या काय ठेवले आहे, ते उठून एकदा पाहून यावे. (जाण्यापूर्वी चहा पिऊन घ्यावा. नंतर तो मिळेल अशी हमी समिती देऊ शकत नाही.)