तुळशीचं पान ठेवलेला चहा

सप्ताहाच्या शेवटच्या सकाळी धाकलूबुवांचा आवाज गेला. दहाला काल्याचं कीर्तन, आणि नऊला बुवा अनिताच्या ओटीवर बसून पाणी हवं की नको हेसुद्धा हातानं सांगत होते.

"बुवा, काला झाला नाय तर गाव मला जेवू देणार नाय," सप्ताहाचे अध्यक्ष कुंडलिकदादा म्हणाले. त्यांचा आवाजही घासत होता. शेजारी बुवांच्या मागे गाणारा हरेश आणि सात टाळकरी बसले होते. सात दिवस भजन करून सगळ्यांचेच गळे किरकिरत होते.

बुवांच्या चहा-फराळाची पाळी आज अनिताच्या घरची. बारा वर्षं तो चहा सासूबाईंनी, जनाबाईंनीच केला. यंदा गुडघ्यांनी त्यांना चुलीपासून उठवलं, म्हणून सुनेचा नंबर लागला. तांदळाच्या चकल्या आणि शेंगदाण्याचे लाडू अनितानं आदल्या दिवशीच करून ठेवले होते. चहात आलं आणि परसातला गवती चहा टाकून तिनं तो मन लावून उकळला, दूध मागाहून घातलं. मग बुवांच्या गळ्यासाठी दुसऱ्या टोपात हळद, मीठ, लवंग आणि मूठभर तुळस उकळली. चहा एका थर्मासात, गुळण्यांचं पाणी दुसऱ्यात. म्हसा गावच्या जत्रेतून आणलेली थर्मासांची ती जोडी, ओळखू येईल तर शपथ. म्हणून गुळण्यांच्या झाकणावर खूण म्हणून तिनं तुळशीचं एक पान चिकटवलं आणि काल्याच्या लाह्या द्यायला देवळात गेली.

जनाबाई आत आल्या. मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसले ते दोन थर्मास, एकावर तुळस. त्यांना गहिवरून आलं. सुनेनं चहासुद्धा आधी देवाला दाखवला होता.

तुळशीचा थर्मास त्यांनी ओटीवर नेला. दुसऱ्यातलं तांब्यात ओतून, वर पेला उपडा घालून बुवांना दिलं. "परसात जावा बुवा, गुळण्या करा."

कुंडलिकदादांनी पहिला घोट घेतला आणि त्यांच्या भुवया टोपीत शिरल्या. बशी खाली ठेवणार, तोच जनाबाई म्हणाल्या, "देवाला दाखवलेला हाय. सांडायचा नाय."

दादांनी डोळे मिटून बशी रिकामी केली.

"दादा, कसा झालाय?" हरेशनं हळूच विचारलं.

"तू पी. मग बोलू."

हरेश प्यायला. "जरा वेगला हाय," तो म्हणाला आणि मदतीला चकली घेतली. पण तिच्यातही मीठच होतं. एकेक टाळकरी प्यायला. प्रसादाला नाव कोण ठेवणार?

"आणखी घ्या रे," जनाबाईंनी थर्मास वाकवला. दादांनी बशीवर हात धरला. "प्रसादाला हात आडवा करतोस, कुंडलिका? अध्यक्ष ना तू?"

दादांनी हात काढला.

अनिता परतली तेव्हा ओटीवर कोणी नव्हतं. बशांच्या तळाला हळद बसली होती. तिनं परसात धाव घेतली. तांब्या कोरडा होता आणि पेल्याला साय चिकटली होती.

"आत्या, बुवांना चहा दिलात गुळण्यांना?"

"तुळस कशावर व्हती मग?" जनाबाई म्हणाल्या.

देवळात अनिता खांबाआड बसली. बुवा उभे राहिले, हात जोडले, तोंड उघडलं. आवाज आला तो चुलीत फुंकर मारल्यासारखा. अनितानं पदर तोंडात धरला.

तोच हरेशनं अभंगाचा चरण उचलला. त्याच्यामागून सात टाळकरी. मिठाच्या पाण्यानं धुतलेले ते गळे असे मोकळे लागले की घंटेखाली झोपलेलं कुत्रं उठून बाहेर गेलं. बुवा अर्धा चरण कुजबुजायचे, उरलेला मंडळी कळसाला नेऊन भिडवायची. निरूपण तर बुवांनी कानात सांगावं तसं सांगितलं, आणि ते ऐकायला सगळं गाव पुढे सरकून बसलं. रोज भिंतीला टेकून डुलक्या घेणारेही. दहीहंडी फुटली तेव्हा कित्येकांच्या डोळ्यांत पाणी होतं.

अनितानं बुवांचे पाय धरले. "बुवा, चुकलं माझं. तो चहा व्हता."

"पहिल्याच घोटाला कललं गो," बुवा कुजबुजले. "तोंडात फिरवला, मान वर केली, पण थुकवेना. तीस वर्सांत असा चहा नाय भेटला. आख्खा तांब्या गिलला, आता तूच माफ कर."

मागून कुंडलिकदादा आले. त्यांचा आवाज खणखणीत होता. "अनिता, पुढच्या साली पाळी तुझीच. आमचे गळे ऐकलेस ना?"

मग त्यांनी गाभाऱ्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला.

"फकस्त चहा देवाला दाखवू नको गो. मग आमाला नको म्हनता येत नाय."