पेटीत नसलेला सूर

हौसलालकाका रहांगडाले रोज सकाळी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला पाठ टेकून गातात, आणि ते गात असतात तेवढा वेळ आमच्या गल्लीतली माणसं एकमेकांशी खुणांनी बोलतात.

मी मूळची साताऱ्याकडची. गोंदियाच्या एका शाळेत नोकरी लागली आणि काकांच्या घराचा खालचा मजला भाड्यानं घेतला. पहिल्याच सकाळी वरून असा आवाज आला, की मला वाटलं कुणाचा तरी पाय टाकीखाली सापडला. पाण्याचा तांब्या घेऊन मी धावत जिना चढले. वर एक उंच, वाळका म्हातारा डोळे मिटून उभा होता. दोन्ही पाय मोकळे होते. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "नवीन मॅडमजी होय का? बसा ना. आता सुरूच करून राहिलो."

म्हणजे मी ऐकलं ते अजून गाणं नव्हतंच.

काकांचं सगळं आयुष्य राईस मिलमध्ये गेलं. यंत्रांच्या खडखडाटावरून ओरडून बोलायची सवय लागली ती निवृत्तीनंतरही गेली नाही. ते हळू बोलतात तेव्हा पलीकडच्या गल्लीतला किराणावाला "क्या हुआ काकाजी?" म्हणून बाहेर येतो. गाण्याबद्दल कुणी भीतभीत काही सुचवलं, तर काकांचं उत्तर ठरलेलं. "सूर नाही तं नाही. आवाज तं आहे ना जी!"

आवाज होता, याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं. गणपतीत मंडळाच्या पोरांनी त्यांना आरतीच्या वेळी शंख वाजवायचं काम दिलं. तोंडात शंख असला की माणूस गाणार कसा, असा त्यांचा हिशेब. काकांनी आरती शंखातून म्हटली.

एकदा त्यांनी बाजाराजवळच्या संगीत क्लासात नावही घातलं. तिथल्या तरुण गुरुजींनी पेटी पुढे ओढली आणि म्हणाले, "काका, सा लावा." काकांनी लावला. गुरुजींनी तो कुठं आहे ते शोधायला पेटीची एकेक पट्टी दाबून पाहिली. पांढऱ्या संपल्या, काळ्या संपल्या. मग हात जोडून म्हणाले, "काका, हा सूर पेटीत नाही."

हे मला स्वतः काकांनीच सांगितलं, आणि चांगलं छाती फुगवून सांगितलं. "एवढी मोठी पेटी, मॅडमजी! आणि माहा सूर तिच्यात नाहीच म्हणे!"

गंमत म्हणजे ते इतकी वर्षं गात होते ते एकच भजन. त्यातल्याही दोनच ओळी.

पाण्यावरी दिवा माझा, वारा नको घालू,
येतो येतो म्हणे कोणी, दार नको लावू.

पहिली ओळ ते धडाक्यात म्हणत. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर थांबत, मान हलवत, आणि पुन्हा पहिल्यापासून. मला वाटायचं, हीच त्यांची पद्धत. आमच्याकडे नाही का काही माणसं कुलूप लावून पुन्हा ओढून बघतात, तसंच.

गेल्या माघातल्या एका शनिवारी काका खाली आले. दारातच उभे राहिले. आणि चक्क हळू बोलले.

"मॅडमजी, तुमाले उद्या सुट्टी आहे ना? मले आश्रमात नेऊन देसाल का, गाडीवर?"

"कुठला आश्रम?"

"चोरखमाऱ्याच्या तलावाकडे आहे. होता." मग म्हणाले, "बोल आहेत, पण दुसऱ्या ओळीची चाल जाऊन राहिली माही. काल तं पुरी गेली. तिथं गेलो तं सापडन असं वाटते."

त्यांचा मुलगा रायपूरला असतो. त्याच्याकडे चारचाकी आहे, पण वडलांची ओळ सापडावी म्हणून तो रायपूरहून येईल, असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही. रविवारी सकाळी मी स्कूटी काढली. काकांनी धुवट सदरा घातला होता आणि डोक्याला दुपट्टा गच्च बांधला होता. तिरोड्यापर्यंत ते कानाशी ओरडून गोष्ट सांगत होते. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्यांनीही ती ऐकली असणार.

आश्रमातले बाबा गाणारे होते. कुठल्याशा दरबारी गवयाकडे शिकलेले, मग सगळं सोडून तलावाकाठी येऊन बसलेले. उपदेश-बिपदेश काही करत नसत. येईल त्याला गायला बसवत. बालाघाटकडून, छत्तीसगडातून माणसं यायची, आठ-आठ दिवस भजनं चालायची. काका तेव्हा जवान होते. मिलमधून तांदळाची पोती घेऊन तिथं जायचे आणि पोती उतरवूनही परत निघायचे नाहीत.

"मलेही गाऊन पाहाले सांगितलं बाबानं. मी गायलो. बाबा हासले. म्हणे, हौसलाल, गाणारे इथं लय आहेत, तू ऐकत जा. तवापासून पुऱ्या आश्रमात ऐकणारा मी एकलाच!"

आणि ऐकता ऐकता त्यांना सेवंता ऐकू आली. लहानपणी आईबाप गेलेली, आश्रमातच वाढलेली मुलगी. हे भजन बाबांनी बांधलं, पण गायचं ते तिनंच. बाबांनीच दोघांचं लग्न लावून दिलं.

नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेकडेनं गेलं की मोहाची झाडं लागतात. त्यांच्यामागे आश्रम. बाबा गेल्यावर चेले गादीवरून भांडले, प्रकरण कोर्टात गेलं, दाराला कुलूप लागलं. आता कुलूप नव्हतं, कारण दारच नव्हतं. सभागृहावरचे पत्रे कुणीतरी नेले होते. भिंतीवर तंबोरे टांगायच्या लाकडी खुंट्या ओळीनं होत्या, एकीवर गांधीलमाश्यांचं घर. बाबांच्या बैठकीच्या दगडी ओट्यावर शेळ्यांच्या लेंड्या होत्या. प्रेमी जोडप्यांनी कोळशानं नावं लिहिली होती.

काकांनी चपला बाहेर काढल्या. एका डहाळीनं ओटा झाडला, पण त्यावर बसले नाहीत. समोर एका कोपऱ्यात खाली बसले. "इथं बसत जाओ मी. आणि ती तिथं."

मग त्यांनी भजन सुरू केलं. उघड्या छतातून आवाज सरळ वर निघून गेला. काका दचकलेच. "छत होतं तवा आवाज वापस ये," ते म्हणाले. पुन्हा म्हटलं. दुसऱ्या ओळीला पुन्हा अडले.

"काका, काकू असताना तुम्ही गच्चीवर गायचात का?"

"छ्या! तिच्यासमोर मी कायले गाऊ? रोज सकाळी चुलीपाशी ती हेच गाये. मी चहा पिता पिता ऐको. ती गेली, मग घर लय चूप झालं. म्हणलं, आपणच म्हणत राहू. नाही तं हे भजन कोणापाशीच नाही आता."

"तिचा आवाज मोबाईलमध्ये..."

"मोबाईल होता जी." काका खुंट्यांकडे बघत होते. "रोजच तं गाये. रोजचं कोणी भरून ठेवते का?"

काका उठले, ओट्याकडे तोंड करून उभे राहिले आणि मिलमधली सगळी ताकद लावून पुन्हा पहिल्यापासून गायले. ओळ आली नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. आता ते गाणं उरलंच नव्हतं, हरवलेल्या माणसाला रानात हाक मारावी तसं ते ऐकू येत होतं.

तेवढ्यात पडक्या भिंतीपलीकडून बायकांचं हसणं आलं आणि एक म्हातारा आवाज, "कोण बोंबलून राहिलं गा, सकाळी सकाळी?"

पलीकडे बांधीत, म्हणजे भातखाचरात, उन्हाळी धानाची रोवणी चालली होती. पाच-सहा बायका ओणव्या होऊन पऱ्हे, भाताची कोवळी रोपं, लावत होत्या. बोलली ती त्यातली सगळ्यात म्हातारी. काका भिंतीच्या भगदाडातून बाहेर आले तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ते तसं नाही जी," ती म्हणाली. "चुकून राहिले तुमी."

"तुमाले येते?" काकांचा आवाज एकदम बारीक झाला.

"मले तुमचे बोल नाही येत. चाल येते. लहानपणी इथंच रोवणा करो मायसंग. आमी जयभीमवाले, आत भजनात कायले जाऊ? पण गाणं तं भिंतीवरून येच." आणि ती पुन्हा ओणवी झाली, चिखलात पऱ्हा खोचला आणि गायला लागली. बोल तिचेच होते, पाण्यावर डुलणाऱ्या रोपाचे, वाऱ्याला दटावणारे. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर, जिथं काका रोज धडपडायचे, तिथं चाल अलगद खाली उतरली आणि एका सुरावर थांबून राहिली.

काका धुऱ्यावर, बांधीच्या अरुंद बांधावर, उभे होते. पुढे सरकता सरकता त्यांचा एक पाय पाण्यात गेला. त्यांना कळलंही नाही.

"अजून एक डाव म्हणा जी."

तिनं म्हटलं. बाकीच्या बायकांनी साथ धरली. मी मोबाईल काढून ते भरून घेतलं.

"आता तुमी म्हणा ना बोल," म्हातारी म्हणाली. "मलेही समजन तं खरं."

काकांनी ओळी साध्या बोलून सांगितल्या. गायले नाहीत. म्हातारीनं त्या दोनदा पुटपुटल्या आणि चालीवर बसवून म्हटल्या. दार नको लावू. काकांनी तोंड फिरवलं आणि दुपट्टा सोडून तोंड पुसलं. मग वाकून तिला नमस्कार केला. ती ओशाळली. "जा बाप्पा आता, काम पडलं आहे," म्हणाली.

परत निघालो तेव्हा काका एक शब्द बोलत नव्हते. एवढी शांतता मला त्यांच्याकडून सवयीची नव्हती. तिरोड्याच्या अलीकडे न राहवून मी मान वळवली.

"काका, काळजी करू नका. भजन माझ्या मोबाईलमध्ये आलंय. घरी गेलं की हवं तितक्यांदा ऐका."

"त्याच्यात त्या बाईचा आवाज आहे जी," काका अगदी हळू म्हणाले. "माह्या कानात आता सेवंता गाऊन राहिली. जरा हळू चालवा मॅडमजी. हवेनं जाईल."

मी वेग कमी केला. मागचे ट्रक हॉर्न वाजवून पुढे जायला लागले. आरशात पाहिलं, तर काका दोन्ही तळहात कानांवर दाबून, डोळे मिटून बसले होते.