यजमानाचं नाव

"ज्याचं नाव ऐकताच गुन्हेगार बेत रद्द करतात, तो शिवदास!" असं आमच्या गुप्तहेरीच्या कार्डावर छापलंय. वाक्य त्याचं स्वतःचं. त्याचं नाव ऐकून आजवर एकानेच बेत रद्द केला, अलिबागच्या केबलवाल्याने, आणि तो आमच्याकडे नेट जोडायला येणार होता. मी प्रणाली, त्याची सहाय्यक. बायकोही आहे, पण त्याला आता इलाज नाही.

परवा दुपारी थळच्या रहिमुन्निसाभाभींनी आम्हाला बोलावलं. त्यांची मुलगी यशरा पनवेलला नर्सिंगच्या प्रवेशाच्या रांगेत उभी होती. फॉर्मची मुदत पाचपर्यंत. मूळ गुणपत्रिका तिचा भाऊ उझैर चुकून बॅगेतून जहाजावर घेऊन गेलेला, आणि त्यांचे फोटो घरच्या सर्व्हरमध्ये. सर्व्हर म्हणजे कपाटावरचा डब्याएवढा खोका, उझैरनेच सुट्टीत बसवलेला. कॉम्प्युटरवर या खोक्याला दिलेलं नाव टाकलं की तो उघडतो. ते नाव उझैरने फक्त आईला सांगितलं होतं, आणि तो आता रेंजबाहेर.

नाव विचारलं तर भाभी ओढणी सावरत म्हणाल्या, "ह्यांचं नाव, मग टिंब, मग घर."

शिवदासने इंग्रजीत 'ह्यांचं' असं टाइप केलं, पुढे टिंब, पुढे घर. खोका ढिम्म. "म्हणजे 'हे' एकापेक्षा जास्त आहेत," तो माझ्या कानात म्हणाला. "टोळी." मग त्याने साक्षीदारांनी आपसात बोलायचं नाही म्हणून भाभींचा फोन ताब्यात घेतला. त्यावर यशराचे फोन येत होते.

टिंबवाल्या नावाला डोमेन म्हणतात आणि डोमेन म्हणजे हद्द, तेव्हा भानगड हद्दीची, असा शोध लावून त्याने अर्धा तास शेजाऱ्याचं कुंपण टेपने मोजलं. ते जागेवरच होतं. मग नाव म्हणजे होडी हे त्याला आठवलं. देव अक्कल वाटत होता तेव्हा हा बहुतेक कार्ड छापायला गेला होता. किनाऱ्यावरच्या अकरा होड्यांची नावं लिहून आणली, एकेक टाकली. एकही चालली नाही. शेवटी झोपाळ्यावर पहुडलेल्या भाभींच्या यजमानांची उलटतपासणी घेतली. त्यांनी कूस बदलली. मौन म्हणजे कबुली, असं मला वहीत लिहायला लावलं.

साडेचार वाजले. भाभींच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीचं वर्ष जाईल हो, म्हणाल्या.

"मग नाव घ्या!" शिवदास गरजला.

"ते मी कसं घेऊ?"

"धमकी कोणाची आहे?"

भाभींनी ओढणी आणखी पुढे ओढली. मग हा माझ्याकडे वळला आणि शिकवू लागला, की अशा खोक्याच्या नावाला होस्टनेम म्हणतात, होस्ट म्हणजे यजमान, होस्टनेम म्हणजे यजमानाचं नाव, आणि ते या घरात कोणालाच ठाऊक नाही, यातच खरं रहस्य आहे.

दारात नेहमीची मासळीवाली भागुबाई टोपली उतरवत होती. "यजमानाचं नाव व्हय? मकसूदभाय," ती म्हणाली. "ती कशी सांगल? नवऱ्याचं नाव न्हाय घेत ती. तुमी कवापासून बसलाव?"

दीड तासापासून, असं सांगायची मला लाज वाटली. मी नवऱ्याला अरे-तुरे करते, म्हणून माझ्याही टाळक्यात शिरलं नव्हतं. शिवदासला खुर्चीवरून उठवून मीच टाइप केलं, मकसूद, टिंब, घर. खोका उघडला. गुणपत्रिका पनवेलला गेल्या. पाचला दहा कमी असताना यशराने कळवलं, फॉर्म घेतला.

शिवदास वहीत 'यजमानाचं नाव अखेर मी हुडकलं' असं लिहीत होता. मी भाभींना म्हटलं, या यंत्राला तुम्हाला तोंडाने घेता येईल असं दुसरं नाव देऊन जाते, पुन्हा घोळ नको.

त्यांनी झोपाळ्याकडे पाहिलं. मकसूदभाई घोरत होते.

"नको गं, राहू दे," भाभी म्हणाल्या. "त्या नावाचं घरात निदान कोणीतरी हाकेला ओ देतंय."